तिसऱ्या मजल्यावरची दलदल

उन्हाळ्यात जिथे माणसांनाच टँकरची वाट पाहावी लागते, अशा पुण्यातल्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर दलदलीतला नेचा (फर्न) वाढवायचा असेल, तर बागकामाच्या ज्ञानापेक्षा घरच्यांची सहनशक्ती अधिक कामी येते. आमचा नेचा ‘अ‍ॅक्रोस्टिकम ऑरियम’ या जातीचा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ साली त्याची नोंद केली, म्हणजे घराणे जुने आहे. कोकण-गोव्याच्या खाड्यांच्या काठी, खारफुटीच्या जमिनीकडच्या बाजूला तो चिखलात ठाण मांडून माणसापेक्षाही उंच वाढतो. रोपवाटिकेत मात्र तो वीतभर होता आणि फारच सालस दिसत होता.

त्याची अट एकच: मुळे कधीही कोरडी पडता कामा नयेत. त्यामुळे बिनभोकाचा टब आला, टबात चिखल आला आणि चिखलावर चार बोटे पाणी ठेवण्याची जबाबदारी आली. एप्रिलमध्ये ते पाणी सकाळी असते आणि संध्याकाळी नसते. शेवटी पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून वाया जाणारे क्षारयुक्त पाणी त्याच्या वाट्याला आले. त्या पाण्याने आमच्या इतर कुंड्यांतल्या पानांची टोके करपली होती, याने मात्र ते बिनतक्रार रिचवले. ही बातमी फुटताच शेजारच्या काकांनी, “खाडीतलाच आहे, तर मूठभर खडे मीठ टाकून बघा,” असा सल्ला दिला. हा नेचा खारेपणा सोसतो, परंतु गोड्या पाण्यातही उत्तम वाढतो, हे मी त्यांना समजावून सांगितले. तरीही ते गॅलरीत आले, की मी मिठाचा डबा नजरेआड ठेवतो.

पावसाळ्यात डासांच्या अळ्या शोधणारे कर्मचारी आले. एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उबदार हवेत साधारण आठवडा-दहा दिवसांत नवी पिढी उडू लागते. म्हणूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठवलेले सगळे पाणी ओतून टाकण्याचा दिवस, पाळायचा असतो. तो पाळला तर नेचा मरतो आणि न पाळावा तर सोसायटी डेंग्यूने आडवी होते. कर्मचाऱ्यांनी टबात टॉर्च मारला आणि “साहेब, हे काय आहे?” असे विचारले. “दलदल,” असे उत्तर देताना माझाच आवाज खाली गेला. त्यांनी वाद न घालता गप्पी मासे आणून सोडले. गप्पी अळ्या खातात हे खरे. पण ते अंडी न घालता थेट पिल्लांनाच जन्म देतात आणि त्या कामात मुळीच आळस करत नाहीत. आता आल्यागेल्या प्रत्येकाला आम्ही चहाबरोबर मासे देऊ करतो.

खरा गहजब पानांनी केला. चामड्यासारख्या जाड, हिरव्यागार पानांच्या टोकाकडच्या पर्णिका एके दिवशी खालून पूर्ण तांबूस झाल्या. नखाने खरवडले तर बोटाला तपकिरी भुकटी लागे. गावाकडे शेती असलेल्या काकांनी एका नजरेत ‘तांबेरा’ या बुरशीजन्य रोगाचे निदान केले आणि बुरशीनाशकाचा पंपही आणला. ती बीजाणूंच्या पिशव्यांची गर्दी आहे, नेच्याला फुले येत नाहीत, त्याचा वंश असाच वाढतो, असे मी भिंग हातात देऊन दाखवले. बीजाणूंपासून उगवणाऱ्या चिमुकल्या हिरव्या पापुद्र्यावर नर पेशी पाण्यातून पोहत मादी पेशीपर्यंत पोहोचतात, हे ऐकून काका म्हणाले, “म्हणजे याचे लग्नही टँकरवर अवलंबून!” पंप मात्र ते ठेवूनच गेले.

या सगळ्यात टबातून ओघळणारे पाणी खालच्या काकूंच्या गॅलरीत नेमाने पडत राहिले. त्या वर आल्या तेव्हा मी मान खाली घालून ऐकण्याच्या तयारीत होतो, पण त्यांनी मनुष्यभर उंचीकडे झुकलेला नेचा न्याहाळला आणि म्हणाल्या, “नाहीतरी पाणी आमच्याकडेच येते, तर एखादे रोपही पाठवा.” मी तत्परतेने चिखलातले खोड विभागायला घेतले. त्यासाठी टब कलवावा लागला आणि मासे बादलीत काढून उरलेली सगळी दलदल, रोप पोहोचण्याच्या आधीच, त्यांच्या वाळत घातलेल्या चादरींवर पोहोचली.