पौलाचं उदाहरण अर्धंच दिलंय

‘खरं परिवर्तन एका क्षणात होतं, पौलाकडे बघा’ हे परिवर्तनावरच्या लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. पौल म्हणजे आधी ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा, पुढे येशूचा प्रेषित झालेला. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर त्याला प्रकाश दिसला, कबूल. पण त्यानंतर तो अरबस्तानात गेला आणि पेत्राला भेटायला यरुशलेमेत पोहोचला तो तीन वर्षांनी. बायबलमधल्या, गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात तो स्वतःच हे सांगतो. आणि पेत्र? सगळं सोडून मागे आलेल्या या शिष्याला येशू शेवटच्या भोजनाच्या रात्री म्हणतो, तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर. म्हणजे वळणं अजून बाकीच होतं! मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांना १७२८ साली धर्मगुरूची दीक्षा मिळाली, पण ज्या अनुभवाने ते आतून हलले तो १७३८चा.

माझी आई जन्माने ख्रिस्ती, रविवारची उपासना सहसा न चुकवणारी. पण जावेशी धरलेला अबोला तिने उतारवयात सोडला. आपणहून तिच्या दारात जाऊन उभी राहिली, माफी मागितली. तिचा बाप्तिस्मा कधीच झाला होता, परिवर्तन मात्र मी त्या दिवशी पाहिलं. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदारानेही लुबाडलेलं चौपट परत करायची तयारी दाखवलीच ना? लेखात या परतफेडीबद्दल एक ओळही नाही, हे खटकलं.