विमानातलं भजन आणि शेजारचा प्रवासी

मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळं आपल्या ओळखीची आहेत. ज्याला नको असतं तो पुढच्या स्टेशनवर डबा बदलतो. विमानात ती सोय नाही, म्हणून तिथे भजन-प्रार्थना करताना शेजारच्याचा विचार व्हावा, एवढाच माझा आग्रह आहे.

अयोध्येचा विमानतळ ३० डिसेंबर २०२३ रोजी सुरू झाला, तेव्हा दिल्लीहून गेलेल्या पहिल्या विमानात हनुमान चालिसा म्हटली गेली. उद्घाटनाच्या दिवसाची गोष्ट वेगळी. रोजच्या विमानात कुणी मुलाखतीला निघालेला असतो, कुणी अंत्यविधीला.

एअरबस ३२० मध्ये एका रांगेत सहा सीट, एकेक जेमतेम १८ इंच रुंद. इंजिनाचा आवाज ८० डेसिबलच्या आसपास. त्यावर ऐकू जायचं तर भजन ओरडूनच म्हणावं लागतं. टाळ्या सुरू होतात, मागच्या रांगा साथ देतात आणि क्रूची घोषणा त्यात बुडते. कुणाच्या छातीत दुखू लागलं आणि 'विमानात कुणी डॉक्टर आहे का' असं विचारलं गेलं, तर ते शेवटच्या रांगेतल्या डॉक्टरला ऐकू जायलाच हवं. म्हणून दार बंद झाल्यापासून सीटबेल्टचा दिवा विझेपर्यंत, आणि विमान खाली येऊ लागल्यापासून थांबेपर्यंत सामूहिक गजर नकोच. मधल्या वेळात म्हणायचंच असेल तर आधी क्रूला विचारा, आजूबाजूला विचारा, बसूनच म्हणा, टाळ बॅगेत ठेवा. कुणी नको म्हटलं तर विषय संपला. जप मनात होतो, हरिपाठ इअरफोनवर ऐकता येतो. यात्रा नेणाऱ्यांनी हे गेटवरच सांगावं, आत गेल्यावर पन्नास जणांना आवरता येत नाही.

नमाज बसून, खुणेने अदा करता येते. उभं राहायचं असेल तर जेवणाच्या ट्रॉल्या आत गेल्यावर क्रूला विचारून मागच्या गॅलीत, म्हणजे विमानातल्या स्वयंपाकाच्या जागेत, तेही दारं आणि टॉयलेटची वाट सोडून.

आपण काय करतोय ते आधी एका वाक्यात सांगणंही महत्त्वाचं. जानेवारी २०१० मध्ये न्यूयॉर्कहून लुईव्हिलला निघालेल्या विमानात १७ वर्षांच्या ज्यू मुलाने प्रार्थनेसाठी तेफिलीन बांधले. चामड्याच्या पट्ट्या आणि छोट्या काळ्या डब्या पाहून क्रूला बॉम्बची शंका आली आणि विमान फिलाडेल्फियात उतरवलं गेलं. मुलाचा काहीच गुन्हा नव्हता. अशा वस्तू ओळखायला क्रूला शिकवणं ही विमान कंपनीचीही जबाबदारी आहे.

परस्त्रीशेजारी बसायचं नाही असं व्रत असेल, तर आधीच सीट निवडून घ्या किंवा स्वतः उठा. तिला उठवू नका. जेरुसलेमच्या न्यायालयाने २०१७ मध्ये इस्रायलच्या एल अल विमान कंपनीला हेच बजावलं: स्त्री आहे म्हणून प्रवाशाला जागा बदलायला सांगायचं नाही.

सामानाचं थोडक्यात. कापूर ज्वालाग्राही आहे, सुकं खोबरं तेलकट असल्याने आपोआप तापू शकतं. दोन्ही घरीच ठेवा. काडेपेटीही. शीख प्रवाशांना देशांतर्गत विमानात कृपाण चालतं, पातं सहा आणि एकूण लांबी नऊ इंचांच्या आत असेल तर.

आणि प्रसाद वाटताना त्यात शेंगदाणे-काजू आहेत का ते आधी सांगा. ॲलर्जीने घसा सुजला तर वर दवाखाना नसतो.