‘रक्त रक्तच असतं’? तिथेच तर गफलत आहे

गेल्या पंधरवड्यात एक मेसेज मला तीनदा आला, एकदा तर सख्ख्या मावशीकडून. मजकूर साधारण असा: ‘गे-लेस्बियन पोरांना एचआयव्ही-गुप्तरोगांच्या तपासणीला वेगळी “फ्रेंडली” क्लिनिकं कशाला? सरकारी दवाखान्यात तपासणी सगळ्यांना फुकट आहे. रक्त रक्तच असतं. असले लाड केले की पोरं मोकाट सुटतात. आणि रिपोर्ट काय, घरी कळायचा तो कळतोच.’

फुकटचं खरं आहे. सरकारी आयसीटीसी म्हणजे एचआयव्ही तपासणी-समुपदेशन केंद्रात एचआयव्हीची तपासणी आणि समुपदेशन दोन्ही मोफत मिळतं, १०९७ या हेल्पलाइनवर माहितीही मिळते. त्यावर वाद नाही.

पण ‘रक्त रक्तच असतं’? गोनोरिया आणि क्लॅमिडिया हे संबंधांतून होणारे संसर्ग नेहमीच्या तपासणीत रक्तात शोधत नाहीत. त्यासाठी लघवी किंवा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) लागतो, आणि तोही जिथे संसर्ग आहे तिथलाच. संसर्ग घशात किंवा गुदाशयात असेल तर लघवीचा रिपोर्ट खुशाल निगेटिव्ह येतो. तिथे बहुतेकदा दुखत-खुपतही नाही. मग स्वॅब कुठला घ्यायचा हे डॉक्टरांना कळणार कसं? समोरच्याने सांगितलं तरच.

मी एकविसाव्या वर्षी एका दवाखान्यात गेलो होतो. पहिला प्रश्न, ‘लग्न झालंय?’ दुसरा, ‘मग इथे कशाला?’ दार सताड उघडं, मागे रांग. ‘मित्र म्हणाला म्हणून आलो,’ असं काहीतरी पुटपुटलो आणि रक्त देऊन सटकलो. रिपोर्ट निगेटिव्ह आला. मला जी तपासणी हवी होती ती झालीच नव्हती, हे कळायला पुढे दोन वर्षं गेली.

मुलींची तऱ्हा आणखी निराळी. पुरुषाशी संबंध नाही म्हटलं की ‘मग तुला काय गरज?’ असं म्हणून वाटेला लावतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणारा एचपीव्ही हा विषाणू बाईकडून बाईकडेही जातो. ट्रान्स पुरुषाला, म्हणजे जन्मावेळी मुलगी म्हणून नोंदलेल्या पुरुषाला, गर्भाशयमुख असेल तर त्याचीही तपासणी लागतेच. पण स्त्रीरोग विभागाच्या रांगेत दाढीवाल्या मुलाने कुठल्या तोंडाने उभं राहायचं?

‘लाड’ म्हणजे काय, तेही पाहू. सांगेल त्या नावाने हाक मारायची. ‘लग्न झालंय का’ऐवजी ‘जोडीदार पुरुष, स्त्री की दोन्ही’ असं सरळ विचारायचं. कॉलेज बुडणार नाही अशी वेळ ठेवायची. आणि दार लावून घ्यायचं. कडीला कितीसा खर्च येतो?

मोकाट सुटण्याचं म्हणाल, तर तपासणीला येणाऱ्याचं जे व्हायचं ते आधीच झालेलं असतं. धोका झाल्यावर ७२ तासांच्या आत पोहोचला तर एचआयव्ही टाळायची औषधं सुरू करता येतात. लागण झालेली असली आणि नियमित उपचारांनी विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, तर संबंधांतून तो पुढे जात नाही. दोन्हीसाठी माणूस दारात तर यायला हवा.

घरी कळण्याची भीती मात्र हसण्यावारी नेण्यासारखी नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार तपासणीला संमती लागते आणि सज्ञान व्यक्तीचा रिपोर्ट परस्पर आईवडिलांच्या हातात देता येत नाही. अठराच्या आतल्यांचं अवघड आहे. तिथे पालकांची संमती आडवी येते, आणि संबंध आल्याचं कळलं तर पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली पोलिसांना कळवणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. सोळा-सतरा वर्षांच्या पोराने मग जायचं कुठे? मेसेजमध्ये त्याच्याबद्दल अवाक्षर नाही.