इन्व्हर्टर वॅटने नाही, व्होल्टने जळतो

सांगली-साताऱ्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘सोलरला इन्व्हर्टर पॅनेलच्या दीडपट घ्या. 3 किलोवॅटला 5 चाच. लहान घेतला तर जळतो, वरची वीज वाया जाते, मोटर तर चालतच नाही.’

आधी जळण्याचं बघू. पॅनेलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा तो इन्व्हर्टर. पॅनेल वीज ढकलत नाही, इन्व्हर्टर पेलेल तेवढी ओढतो. 550 वॅटची सहा पॅनेल, म्हणजे 3300 वॅट, 3 किलोवॅटच्या इन्व्हर्टरला जोडली आणि ऊन जास्तच झालं, तर तो पॅनेलचा व्होल्टेज थोडा वर सरकवतो. करंट घटतो, आउटपुट 3000 वर थांबतं. बस, एवढंच.

जाळतो तो जादा व्होल्टेज, आणि तिथे किलोवॅट जुळवूनही घात होतो. समजा 5 किलोवॅटचा हायब्रिड (लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा) इन्व्हर्टर आहे, पॅनेलकडून येणाऱ्या डीसी इनपुटची मर्यादा 450 व्होल्ट. एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या ओळीत, 550 ची नऊ पॅनेल, 4950 वॅट, हिशेब चोख. पण पॅनेलमागच्या स्टिकरवर ओपन सर्किट व्होल्टेज (लोड नसतानाचा व्होल्टेज) 49.8 च्या आसपास असतो. नऊचे झाले 448, तेही 25 अंशांवर. डिसेंबरात पहाटे पारा 10 वर आला की थंडीने अंशामागे 0.27 टक्के वाढून तो 466 होतो. मे महिन्यात बसवलेली सिस्टीम पहिल्याच थंडीत जाऊ शकते आणि खापर ‘लहान इन्व्हर्टर’वर फुटतं. अशा मॉडेलला ओळीत आठच पॅनेल लावा.

‘वरची वीज वाया जाते’ हे कागदावर खरं. पण 3300 हा पॅनेलमधले सेल 25 अंशांवर असतानाचा आकडा. एप्रिलात सांगलीतल्या स्लॅबवर सेल 65 ला पोचतो: वरचे 40 अंश गुणिले अंशामागे 0.35 टक्के घट, म्हणजे 14 टक्के तिथेच गेले. त्यात धूळ, वायरमधली घट, आणि गळीत हंगामात साखर कारखान्याच्या आसपास राहत असाल तर काजळी. हातात येतात 2700 च्या आसपास. मग कापायला उरलं काय? सात पॅनेल लावली (3850 वॅट) तर फेब्रुवारीतल्या निरभ्र दुपारी, किंवा पाऊस उघडून धुतलेल्या पॅनेलवर कडक ऊन पडलं की थोडा वेळ शेंडा कापला जातो. सकाळ-संध्याकाळची जादा वीज ती घट भरून काढते. इन्व्हर्टरच्या 1.1 ते 1.3 पट पॅनेल हा नेहमीचाच हिशेब आहे. डेटाशीटवरची कमाल डीसी वॅटची मर्यादा मात्र ओलांडू नका, वॉरंटी हातची जाते.

उलट मोठाच नडू शकतो. 5 किलोवॅटला दोन एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारे इनपुट) म्हणून सहा पॅनेल तीन-तीन वाटली, तर उन्हाळ्यात तापून एका स्ट्रिंगचा चालू व्होल्टेज 107 च्या घरात येतो. एमपीपीटीची खालची मर्यादा 120 असेल तर भर उन्हात पूर्ण वीज मिळत नाही. पीएम सूर्यघर या केंद्राच्या छतावरच्या सोलर योजनेचं अनुदानही वाढत नाही. पॅनेल आणि इन्व्हर्टर यांतली कमी क्षमता धरली जाते, आणि 3 किलोवॅटला 78,000 रुपये ही कमाल आहेच.

मोटरचं निम्मं खरं. बॅटरीवर चालणाऱ्या सिस्टीममध्ये 1 एचपीची मोटर (746 वॅट) सुरू होताना पाच-सहा पट करंट खेचते, तिथे इन्व्हर्टर लोडवरूनच ठरवायचा. बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेल्या ऑनग्रिडमध्ये तो झटका महावितरणची लाइन सोसते. लाइन गेली की ऑनग्रिड इन्व्हर्टर बंदच होतो, मग तो 3 चा असो की 10 चा.

दुपारी इन्व्हर्टर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, म्हणून मोठा घ्यायला निघाला असाल, तर आधी स्क्रीनवरचा ग्रिड (लाइनचा) व्होल्टेज बघा. तो 255-260 दाखवत असेल तर इन्व्हर्टर जादा व्होल्टेजमुळे बंद पडतोय, आणि दोष बहुधा वायरीत किंवा लाइनमध्ये आहे. मीटरपर्यंत 30 मीटर 2.5 चौरस मिमी तांब्याची वायर असेल, तर वीज लाइनकडे पाठवताना 13 अँपिअरला जवळजवळ 6 व्होल्ट तिथेच चढतात. 6 चौरस मिमी टाकली की अडीचच्या आत. एवढ्यानेही थांबलं नाही तर डीपीवरचा व्होल्टेज तपासायला महावितरणकडे लेखी अर्ज द्या.