थीसिसचे तास कोण मोजतं?

एम.डी.-एम.एस.ला थीसिसची सक्ती हवी कशाला, हा वाद आमच्या जुन्या बॅचच्या ग्रुपवर वर्षातून दोनदा पेटतो. एकदा सिनॉप्सिस, म्हणजे थीसिसचा आराखडा, जमा करायच्या दिवसांत, एकदा थीसिस सादर करायच्या. गंमत म्हणजे ग्रुपवर आता रेसिडेंट, म्हणजे पीजी करणारा डॉक्टर, कुणीच नाही. निम्मेअर्धे स्वतः गाइड झालेत, आणि तेच तावातावाने भांडतात. एका गटाचं म्हणणं, ज्याला उद्या तालुक्याच्या गावी सिझेरियन करायचंय त्याच्या गळ्यात संशोधन कशाला मारता? दुसरा गट म्हणतो, थीसिस काढला तर पीजी म्हणजे तीन वर्षांची नुसती हमाली उरेल.

मी हे सगळं नेदरलँड्समध्ये बसून वाचते. इथे एका विद्यापीठाच्या रुग्णालयात मास्टर्सच्या मुलांचे रिसर्च प्रोजेक्ट बघणं हा माझ्या नोकरीचा भाग आहे. त्यामुळे ‘तिकडे कसं असतं गं?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तर द्यायच्या आधी माझा स्वतःचा थीसिस सांगायला हवा.

तो शंभर केसेसचा होता. शंभरच का, तर माझ्या सीनिअरचाही शंभरचा होता. सॅम्पल साइझचं, म्हणजे किती पेशंट लागतील याचं, गणित नंतर उलट्या बाजूने झालं: उत्तर शंभर यायला हवं, तर आकडे कुठले धरायचे? डेटा मी इमर्जन्सी ड्यूटीत, रात्री दोन-तीन वाजता, मिळेल त्या कागदावर उतरवला. खोटी नोंद एकही नव्हती, एवढं छातीवर हात ठेवून सांगते. पण अकरा पेशंट फॉलोअपला आलेच नाहीत, तेव्हा मी त्यांच्या जागी नवे अकरा भरले आणि ही गोष्ट कुठेही लिहिली नाही. यात काही चुकतंय हेही मला तेव्हा कळत नव्हतं. मास्टर चार्ट, म्हणजे सगळ्या केसेसचा तक्ता, पुरा शंभराचा होता, सगळे खूश. परीक्षकांनी बाइंडिंग उघडून शीर्षक वाचलं, संदर्भ किती आहेत ते विचारलं आणि थीसिस बाजूला ठेवला.

आता इकडचं. इथला दोन वर्षांचा बायोमेडिकल रिसर्च मास्टर्स 120 क्रेडिटचा असतो. एक क्रेडिट म्हणजे 28 तास काम. एकूण 3,360 तास. उट्रेख्ट विद्यापीठाच्या लाइफ सायन्सेसमध्ये मुख्य प्रोजेक्टच 51 क्रेडिटचा, म्हणजे साधारण नऊ महिने दुसरं मोठं काम नाही. त्यानंतर दुसरा, जरा छोटा प्रोजेक्ट, बहुतेक वेळा दुसऱ्या लॅबमध्ये. जोडीला थोडे कोर्सेस आणि उपलब्ध संशोधन वाचून लिहायचा एक लांब निबंध. प्रोजेक्टचा अहवाल गाइडखेरीज आणखी एक परीक्षक वाचतो, खरोखर वाचतो, आणि मार्जिनमध्ये खोचक प्रश्न लिहून ठेवतो. पदवीसाठी पेपर छापून यायलाच हवा, अशी अट नाही.

मागे माझ्याकडच्या एका मुलीच्या लॅबमध्ये वाढवलेल्या पेशींना दोनदा मायकोप्लाझ्मा या जिवाणूचा संसर्ग झाला. दोन्ही वेळा सगळं फेकून पहिल्यापासून सुरुवात. नवव्या महिन्याअखेर तिच्या हातात सांगण्यासारखा एकही निष्कर्ष नव्हता. तिने काय केलं, कुठे बिघडलं, पुढच्याने काय टाळावं, एवढंच अहवालात स्वच्छ लिहिलं. दहापैकी आठ मिळाले. माझ्या अकरा पेशंटांची आठवण मला त्या दिवशी फार झाली.

आपल्याकडच्या अटी वेगळ्या गोष्टी मागतात. मेडिकल कौन्सिलच्या 2000च्या पीजी नियमावलीत पुढे भर पडली, आणि 2023चे नियम येईपर्यंत ती लागू होती, की परीक्षेला बसायचं तर एक पोस्टर, एक पेपर-वाचन आणि प्रकाशनासाठी पाठवलेला एक लेख हवा. परिणाम सगळ्यांना माहीत आहे. पैसे भरा आणि छापून घ्या, अशा जर्नल्सना हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. कौन्सिलच्या जागी आलेल्या मेडिकल कमिशनच्या 2023च्या नियमांत रिसर्च मेथडॉलॉजीचा कोर्सही सक्तीचा आहे. चेन्नईच्या आयसीएमआर-एनआयई या सरकारी साथरोग संशोधन संस्थेने तयार केलेला ऑनलाइन कोर्स चांगला आहे, मी स्वतः त्यातली व्याख्यानं ऐकली आहेत. पण रेसिडेंट तो ऐकतो कधी? ओपीडीत फोन खिशात ठेवून. वस्तू जमा करायच्या: सर्टिफिकेट, पोस्टर, प्लेजरिझमचा टक्का, बाइंडिंग. तासांचा हिशेब कुठल्याच कागदावर नाही.

वेळ काढता येत नाही, हे मात्र मी मान्य करणार नाही. जिल्हा रुग्णालयात पीजींना तीन महिने पाठवायचं ठरलं तेव्हाही कॉलेजं ओरडली होती, वॉर्ड कोण सांभाळणार म्हणून. डीआरपी नावाची ही योजना सुरू झाली आणि वॉर्डही चालूच राहिले. तिकडे तीन महिने निघतात, तर ज्याला थीसिस करायचाय त्याला तीन-चार महिने वॉर्डातून मोकळं करायला काय हरकत आहे? ‘ज्याला करायचाय त्याला’ हे शब्द मी मुद्दाम वापरते. बाकीच्यांनी आपल्याच वॉर्डाचं ऑडिट करावं: अँटिबायोटिक किती वेळा कारण नसताना दिलं, ऑपरेशननंतर जखमा किती चिघळल्या. माझ्या शंभर केसेसपेक्षा त्याचा उपयोग जास्त. अर्थात 1992च्या रेसिडेन्सी योजनेत ड्यूटी दिवसाला सहसा बारा तासांपेक्षा जास्त नसावी असं लिहिलंय आणि मार्ड ही रेसिडेंट डॉक्टरांची संघटना अजून ड्यूटीच्या तासांवरूनच भांडतेय, तेव्हा कागदावरच्या तासांवर माझाही फार विश्वास नाही.

आणि ज्यांना खरंच संशोधनात जायचंय त्यांच्यासाठी मधली पायरी आपण बांधायची सोडून मोडली. यूजीसीच्या 2022च्या नियमांनी एम.फिल. बंद केलं. एम.फिल.मधून वैद्यकीय संशोधक ढिगाने निघत होते, असं मी म्हणत नाही. पण पदवी आणि पीएच.डी. यांच्यामध्ये वर्ष-दोन वर्षं आपण या कामाचे आहोत का हे तपासून पाहायची सोय तीच होती. आयआयटी खरगपूरला एमबीबीएस झालेल्यांसाठी तीन वर्षांचा मेडिकल सायन्स अँड टेक्नॉलॉजीचा मास्टर्स आहे. तो अपवाद म्हणूनच सांगावा लागतो.

ग्रुपवरच्या माझ्या मित्रांना वाटतं मी इकडची टिमकी वाजवते. तर ऐका. डिडेरिक स्टापेल नावाचा मानसशास्त्राचा बडा प्राध्यापक टिलबुर्ग विद्यापीठात होता. 2011 मध्ये उघडकीला आलं की तो वर्षानुवर्षं घरी बसून डेटा बनवत होता. आपल्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना तो तयार आकडे द्यायचा. त्यांनी विश्वासाने त्यावर प्रबंध लिहिले. गाइडने मुलाला डेटा दिला तर वेळ किती वाचतो, असं आपल्याकडे कौतुकाने सांगतात, तेव्हा मला हा माणूस आठवतो. दुसरं, इथे डॉक्टरवर थीसिसची सक्ती नाही हेही अर्धसत्य. हव्या त्या स्पेशालिटीत जागा मिळवायची चुरस एवढी की अनेक तरुण डॉक्टर आधी पीएच.डी. करून घेतात. आवड असतेच असं नाही. सक्ती इथेही आहे, फक्त मागच्या दाराने येते. फरक इतकाच की त्या वर्षांचा पगार मिळतो.

हे सगळं मी गेल्या आठवड्यात ग्रुपवर जवळजवळ असंच लिहिलं. अंगठे आले. मग रात्री एका मैत्रिणीचा वेगळा मेसेज. ती आता प्रोफेसर आहे, तिच्याकडे या वर्षी तीन रेसिडेंट. “अगं, तिघांनाही पटकन होईल असा एकेक विषय सुचव ना. सिनॉप्सिस सोमवारी द्यायचाय.”

मी विचारलं, आठवड्यातले किती तास देणार आहेस त्यांना?

“तू आधी विषय तर पाठव.”