‘बाराशे रुपयांत चिखल’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक तारा वाचला. "बाराशे रुपये घेतले, तासभर रंग ओतायला लावले, घरी पोचेपर्यंत हातात चिखल. याला कला कोण म्हणतं?" फोटोही पाहिला. सगळा रंग डाव्या कोपऱ्यात गोळा झालाय, बाकी नुसते ओघळ. वाईट वाटलं.

आधी आमची चूक. आपण ओतला तो ॲक्रिलिक रंग वाळतो तो त्यातलं पाणी उडून गेल्यावर, आणि ऑगस्टात देवगडच्या हवेतच इतकं पाणी असतं की ते उडणार कुठे? वर दुधासारखी साय धरते, बोट लावलं तर वाळल्यासारखं वाटतं, खाली मात्र तीन-चार दिवस ओलंच. हे ठाऊक असूनही शनिवारी संध्याकाळी ओतलेला कॅनव्हास रविवारी सकाळी आंब्याच्या रिकाम्या पेटीत घालून तुमच्या हाती दिला, वर "हळू न्या" म्हटलं. गगनबावड्याच्या घाटात पेटी सपाट राहते थोडीच! वळणागणिक रंग सरकला असणार. ठेवूनच घ्यायला हवा होता.

चिखलावरून मात्र थोडं भांडते. कपात रंग एकावर एक सोडायचे, ढवळायचे नाहीत, हे सुरुवातीलाच सांगितलं होतं. तुम्ही केशरी आणि निळा काडीने घोटलात. त्याचा तपकिरीच होणार. शेजारी तुमच्या लेकाने काळ्यावर पांढरा सोडला आणि गप्प बसला. टिटॅनियमचा पांढरा जड, तो खाली बसायला लागला, काळा वर आला आणि घावनाला पडते तशी जाळी पडली. तिचा फोटो तुम्हीच काढलात. मेक्सिकोचे चित्रकार सिकेरोस रंगावर रंग ओतून हेच करून बघायचे. १९३६ साली न्यूयॉर्कला त्यांनी कार्यशाळा काढली, तिथे पुढे रंग ओतून-शिंपडून नावाजलेला अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकही तरुणपणी होता. तेव्हा ‘कोण म्हणतं’ विचाराल, तर मंडळी मोठी आहेत. (म्हणून ओतलेलं प्रत्येक चित्र भिंतीवर लावण्याजोगं होतं असं नाही. माझीच निम्मी मी खरवडून टाकते.)

तुमचे बाराशे आज परत केलेत. यापुढे पावसाळ्यात ओला कॅनव्हास कुणालाच देणार नाही, वाळला की कुरिअर करू, खर्च आमचा.

लेकाचा कॅनव्हास पेटीत मावला नाही म्हणून इथेच राहिलाय. काल कडेला नख लावून पाहिलं, पक्का वाळलाय. पत्ता इथे लिहू नका, फोन करा, लगेच पाठवते.