इंग्लंडमधल्या डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा निकाल वाचायचा कसा?

मे महिन्यातला पहिला गुरुवार उलटला की शुक्रवारी दुपारपासून इंग्लंडमधल्या मराठी ग्रुपांवर एकच ओळ फिरू लागते: अमुक पक्षाने कौन्सिल घेतली, तमुक पक्ष संपला. माझं स्पष्ट मत आहे की या ओळीवरून डिस्ट्रिक्ट कौन्सिलच्या निवडणुकीत काय घडलं ते कळत नाही. त्यासाठी वॉर्डाचं निकालपत्र उघडावं लागतं. ते प्रत्येक कौन्सिलच्या वेबसाइटवर असतं आणि वाचायला पाच मिनिटं पुरतात. फक्त त्यातले आकडे कसे तयार होतात हे आधी ठाऊक हवं, नाहीतर तोच कागद फसवतो.

आधी ही कौन्सिल म्हणजे नेमकं काय ते. डिस्ट्रिक्ट शब्द ऐकून जिल्हा परिषद डोळ्यांपुढे येते, पण आपल्या जिल्हा परिषदेला जवळची संस्था म्हणजे तिथली काउंटी कौन्सिल. शाळा, रस्ते, वाचनालयं, वृद्धांची आणि मुलांची देखभाल हे सगळं काउंटीकडे. डिस्ट्रिक्टकडे घरचा कचरा उचलणं, बांधकाम परवानग्या, घरांची मदत, पार्किंग, जलतरण तलाव, हॉटेलांची स्वच्छता तपासणी आणि संपूर्ण काउन्सिल टॅक्सची, म्हणजे घरपट्टीसारख्या स्थानिक कराची, वसुली. वसुली डिस्ट्रिक्ट करते, पण त्यातला मोठा वाटा काउंटीला जातो. म्हणून डिस्ट्रिक्टच्या प्रचारपत्रकात रस्त्यावरचे खड्डे बुजवण्याचं वचन दिसलं तर थांबून विचार करा: ते काम त्या उमेदवाराच्या हातात नसणार. लंडनचे बरो (लंडनमधल्या स्थानिक कौन्सिली) किंवा बर्मिंगहॅम, लीड्ससारखी शहरं यात येत नाहीत, तिथे एकाच कौन्सिलकडे सगळं असतं.

आता निकालपत्र. बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्ये एका वॉर्डातून एक, दोन किंवा तीन कौन्सिलर निवडले जातात. तीन जागा असतील तर मतदाराला तीन फुल्या मारता येतात. आपल्याकडच्या प्रभाग पद्धतीशी याची गल्लत होते. पुण्यात २०१७ साली चार सदस्यांचा प्रभाग होता, पण अ, ब, क, ड या चार जागांची लढत स्वतंत्र होती. इंग्लंडमध्ये सगळे उमेदवार एकाच यादीत, आडनावाच्या अक्षरक्रमाने. त्यातल्या कोणत्याही तिघांना मत द्या, दोघांना द्या, किंवा एकालाच देऊन उरलेली दोन मतं सोडून द्या. सर्वाधिक मतांचे पहिले तीन निवडून येतात.

यातून काय होतं ते एका काल्पनिक वॉर्डावर पाहू. मतदार ६,०००. मतपत्रिका पडल्या २,०००. क पक्षाचे तीन उमेदवार: ९००, ८७० आणि ८५० मतं. ख पक्षाचे तीन: ७८०, ७४० आणि ७२०. ग पक्षाचा एकच उमेदवार, त्याला ४४०. तिन्ही जागा क पक्षाला.

पहिली चूक इथे होते. सगळ्या मतांची बेरीज ५,३०० येते, आणि काहीजण तिला ६,००० ने भागून ८८ टक्के मतदान झालं म्हणून मोकळे होतात. खरं मतदान ३३ टक्के. मतदानाची टक्केवारी नेहमी मतपत्रिकांवरून काढायची, मतांवरून कधीच नाही. निकालपत्रात मतपत्रिकांचा आकडा सहसा वेगळा दिलेला असतो, तो शोधा.

दुसरी चूक जास्त खोल आहे. बेरजेनुसार ग पक्षाला ८.३ टक्के मतं मिळाली असं दिसतं. पण २,००० पैकी ४४० जणांनी त्या उमेदवारासमोर फुली मारली, म्हणजे २२ टक्के लोकांनी. पक्षाने तीनऐवजी एकच उमेदवार दिला म्हणून बेरजेत तो किरकोळ वाटतो. यासाठी अभ्यासक प्रत्येक पक्षाच्या सर्वाधिक मतांच्या उमेदवाराचा आकडाच धरतात. इथे ते ९००, ७८० आणि ४४०, एकूण २,१२०. मग वाटा येतो क ४२.५, ख ३६.८, ग २०.८ टक्के. या हिशेबाने ४२ टक्क्यांवर शंभर टक्के जागा गेल्या. हे काही फक्त कागदावरचं गणित नाही. लंडनच्या लुइशम बरोमध्ये (ही डिस्ट्रिक्ट नव्हे, पण मतपद्धत तीच) २०१८ साली लेबरने ५४ पैकी ५४ जागा जिंकल्या. तिथे इतर पक्षांना मतं देणारे हजारो लोक होते, सभागृहात त्यांच्या वतीने बोलणारा एकही नव्हता. मला ही पद्धत अन्यायाची वाटते. स्कॉटलंडने २००७ पासून स्थानिक निवडणुकीत पसंतीक्रमाची मतपद्धत घेतली, उत्तर आयर्लंडमध्ये ती आहेच. इंग्लंडने ती टाळण्याचं पटेल असं कारण मला आजवर दिसलेलं नाही.

तिसरी गोष्ट एकाच पक्षाच्या उमेदवारांमधला फरक. ९००, ८७०, ८५० अशी उतरण बऱ्याचदा निव्वळ अक्षरक्रमाची असते: यादीत वर असलेल्या नावाला थोडी जास्त फुल्या मिळतात. पण ९००, ८९० आणि ६१० असं दिसलं तर तिथे काहीतरी घडलेलं आहे. लोकांनी ठरवून एकाला वगळलं, किंवा दुसऱ्या पक्षाच्या ओळखीच्या माणसाला एक मत दिलं, आणि कधी परकं वाटणारं नावही मागे राहतं. आपल्या समाजातल्या कुणाला उभं राहायचं असेल त्यांनी आपल्या वॉर्डाची जुनी निकालपत्रं याच नजरेने तपासावीत.

मोजणीबद्दल थोडं, कारण चुका तिथेच शिरतात. मतदान सकाळी ७ ते रात्री १०. पेट्या आल्या की आधी पडताळणी होते: केंद्राध्यक्षाने लिहून दिलेली मतपत्रिकांची संख्या आणि पेटीतली संख्या जुळवायची. मते त्यानंतर मोजतात. एका जागेच्या वॉर्डात ते सोपं, उमेदवारागणिक गठ्ठे करायचे. तीन जागांच्या वॉर्डात आधी एकाच पक्षाला तिन्ही मतं दिलेल्या मतपत्रिका बाजूला काढतात, त्यांचे गठ्ठे झटपट होतात. उरलेल्या मिश्र मतपत्रिका मोठ्या तक्त्यावर एकेक करून चढवाव्या लागतात आणि रात्री दोन वाजता दमलेल्या डोळ्यांनी चूक होते ती याच तक्त्यावर. मतमोजणी प्रतिनिधी म्हणून बसणाऱ्याने गठ्ठ्यांपेक्षा या टेबलावर लक्ष ठेवावं. फेरमोजणी मागायची तर निकाल वाचून दाखवण्याआधी. एकदा जाहीर झाला की निवडणूक अधिकाऱ्यालाही तो बदलता येत नाही, त्यानंतर मार्ग फक्त कोर्टातल्या याचिकेचा, आणि तिला मुदत २१ दिवसांची. मतं समान पडली तर चिठ्ठी किंवा काडी काढून निर्णय होतो आणि ज्याची निघेल त्याला एक मत जादा मिळालं असं धरतात. नॉर्थम्बरलंडमध्ये २०१७ साली ब्लाइदच्या एका जागेचा फैसला असाच काड्या ओढून झाला.

बाद मतांचा रकाना वाचताना एक लक्षात असू द्या. जास्त फुल्या, कोरी किंवा कौल स्पष्ट न कळणारी मतपत्रिका, मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलेलं, आणि अधिकृत खूण नसलेली, एवढेच प्रकार त्यात येतात. टपाली मतासोबतच्या पत्रकावरची सही किंवा जन्मतारीख जुळली नाही तर ते मत या रकान्यापर्यंत पोचतच नाही. नेहमीची एक चूक म्हणजे जन्मतारखेच्या चौकटीत त्या दिवशीची तारीख लिहिणं.

मग येतो निवडणुकीचा फेरा. काही डिस्ट्रिक्ट चार वर्षांतून एकदा सगळ्या जागा निवडतात. काही दर वर्षी एक तृतीयांश, चौथ्या वर्षी काउंटीची निवडणूक. ऑक्सफर्ड, चेल्टनहॅमसारख्या थोड्या ठिकाणी दोन वर्षांनी निम्म्या. तृतीयांश पद्धतीत एखाद्या पक्षाने त्या रात्रीच्या बहुतेक जागा जिंकल्या तरी सत्ता जुन्या पक्षाकडेच राहू शकते, कारण दोन तृतीयांश सभासद त्या दिवशी निवडणुकीतच नव्हते. तुलना मागच्या वर्षाशी करायची नाही, तीच जागा चार वर्षांपूर्वी लढवली गेली तेव्हाशी करायची. वॉर्डांच्या सीमा बदलल्या असतील तर 'इतक्या जागा मिळवल्या, इतक्या गमावल्या' हे आकडे जवळपास निरर्थक. अशा वर्षी तृतीयांश पद्धतीच्या कौन्सिलमध्येही सगळ्या जागांची निवडणूक होते, आणि वॉर्डात सर्वांत कमी मतांनी निवडून आलेला आधी निवृत्त होतो. म्हणजे तिथे पहिला आलो की तिसरा, याने मुदतीत फरक पडतो.

मथळा किती फसवा असतो याचं उत्तम उदाहरण ४ मे २०२३ चं. सफोकमधल्या मिड सफोक डिस्ट्रिक्टमध्ये ग्रीन पक्षाने ३४ पैकी २४ जागा घेतल्या. २०१९ साली त्यांच्या १२ होत्या. ब्रिटनमध्ये कोणत्याही कौन्सिलवर ग्रीन पक्षाचं हे पहिलंच स्पष्ट बहुमत. कॉन्झर्व्हेटिव्ह ६ वर आले, लिबरल डेमोक्रॅट ४ वर. बातम्यांत हिरवी लाट आली. पण त्याच निवडणुकीत ब्राइटन अँड होव्हमध्ये, जिथे ग्रीन पक्ष अल्पमतात कारभार करत होता, तो ५४ पैकी ७ जागांवर आपटला आणि लेबरला ३८ मिळाल्या. एकाच दिवशी एकाच पक्षाचे हे दोन निकाल कुठल्याही लाटेत बसत नाहीत. मिड सफोकमधल्या स्टोमार्केट आणि आसपासच्या खेड्यांत वर्षानुवर्षं दारोदार केलेलं काम एकीकडे, कारभाराचा हिशेब दुसरीकडे.

बीबीसी देशपातळीवरचा अंदाज सांगते तोही असाच जपून वापरावा. ती मतांची बेरीज नसते. निवडक वॉर्डांवरून, सगळ्या ब्रिटनने त्या दिवशी मतदान केलं असतं तर काय झालं असतं, याचा तो हिशेब असतो. मे २०२४ ला त्यात लिबरल डेमोक्रॅट १७ टक्क्यांवर होते, दोन महिन्यांनी संसदेच्या निवडणुकीत त्यांना सुमारे १२ टक्के मिळाले. कचऱ्याच्या गाडीसाठी एकाला आणि पंतप्रधानासाठी दुसऱ्याला मत देणारे लोक भरपूर आहेत, आणि ते गोंधळलेले नाहीत.

कुणालाच बहुमत नसेल तर शुक्रवारी काहीच ठरलेलं नसतं. नवे कौन्सिलर मतदानानंतर चौथ्या दिवशी पदावर येतात, मग वार्षिक सभेत नेता निवडला जातो. तोवर वाटाघाटी चालतात. समित्यांच्या जागा गटांच्या संख्याबळावर वाटल्या जातात आणि गट म्हणून मान्यता मिळायला किमान दोन सभासद लागतात. म्हणून दोन अपक्ष एकत्र बसले तर बांधकाम परवानगीच्या समितीत जागा मागू शकतात, एकट्याला तो हक्क नाही. अपक्षांची नावं निकालपत्रात वाचून सोडून देऊ नका.

डिस्ट्रिक्टचं काम किरकोळ म्हणणाऱ्यांनी वोकिंगकडे पाहावं. जून २०२३ मध्ये सरे काउंटीतल्या या कौन्सिलने, जी नावाने बरो असली तरी कायद्याने डिस्ट्रिक्टच, खर्च झेपत नसल्याची औपचारिक नोटीस काढली. वर्षाला १.६ कोटी पौंड हाताशी असलेल्या कौन्सिलपुढे १२० कोटी पौंडांची तूट उभी होती, गगनचुंबी इमारतींसाठी काढलेल्या कर्जापायी. ते कर्ज काढणारेही अशाच वॉर्डांतून, अशाच थोड्या मतांवर निवडून आलेले होते. आता सरकारच्या डिसेंबर २०२४ च्या श्वेतपत्रिकेनंतर काउंटी आणि डिस्ट्रिक्ट अशी दुहेरी रचनाच मोडीत काढायचं ठरलं आहे. नव्या कौन्सिली मोठ्या होणार, तरी मतपत्रिका आणि तिची मोजणी हीच राहणार.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकांनी हे नीट वाचावं. राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून तुम्हाला मताचा हक्क आहे, व्हिसा कामाचा असो, शिक्षणाचा असो की जोडीदाराच्या आधारावरचा. उभं राहायला मात्र कायम वास्तव्याचा परवाना लागतो. डिस्ट्रिक्टला अनामत रक्कम नाही, सूचक आणि अनुमोदक मिळून दोन सह्या पुरतात. मतदार नोंदणीची मुदत मतदानाआधी कामाचे १२ दिवस. २०२३ पासून केंद्रावर फोटो ओळखपत्र लागतं आणि त्या पहिल्या वर्षी किमान १४,००० लोक त्यापायी मत न देता परतले. भारतीय पासपोर्ट चालतो, मुदत संपलेला असला तरी, चेहरा ओळखू आला म्हणजे झालं. भारतातला वाहन परवाना चालत नाही. लग्नानंतर यादीत सासरचं आणि पासपोर्टवर माहेरचं आडनाव असेल तर विवाहाचा दाखला सोबत न्या.

आणि मे महिन्यात भारतात जाणार असाल तर टपाली मतावर विसंबू नका. मतपत्रिका पुण्याला पोचून मतदानाच्या रात्री १० पर्यंत परत येणं जवळजवळ अशक्य असतं. त्याऐवजी प्रतिनिधीमार्फत मत द्या. अर्ज मतदानाआधी कामाच्या सहाव्या दिवशी सायंकाळी ५ पर्यंत. प्रतिनिधी स्वतः मतदानाला पात्र हवा, एकाने यूकेत राहणाऱ्या दोघांपेक्षा जास्त लोकांचं मत द्यायचं नाही, आणि केंद्रावर ओळखपत्र दाखवायचं ते त्याचं स्वतःचं, तुमचं नाही.